पोरगं बोलत असताना लाल पेन बंद ठेवा

कॉम्प्युटरच्या पोरांना कम्युनिकेशन स्किल्स शिकवायचा वर्कलोड आला म्हणून नाक मुरडू नका. मीही मुरडलं होतं. इंग्रजीत एम. ए., सेट, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर नेमणूक. मानधन कधी व्हायचं ते विचारू नका. दारव्हा, दिग्रस, आर्णीकडून सकाळच्या एसटीनं येणारी पोरं. यांचं इंग्रजी दुरुस्त केलं की विषय शिकवून झाला, एवढीच माझी समज होती.

तिथंच मी फसले. म्हणून एवढं एकच सविस्तर सांगते.

पहिल्या आठवड्यात एक मुलगा उभा राहिला. "मायसेल्फ..." एवढं म्हणाला आणि मी थांबवलं. "मायसेल्फ नाही, आय ॲम." त्यानं पुन्हा सुरू केलं, "आय ॲम बिलाँग्स..." पुन्हा थांबवलं. वर्ग हसला. त्यानंतर अख्ख्या सेमिस्टरमध्ये त्यानं माझ्या तासाला तोंड उघडलं नाही. दिवाळीनंतर एकदा प्रोजेक्टर बंद पडला, तेव्हा तोच उठून पुढे आला. खटपट करून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, प्रोजेक्टर चांगला हाय. म्या पयले केबल बदलून पाह्यली, फरक नाही पडला. मंग सेटिंगमधी गेलो, तं लॅपटॉपनं दुसरी स्क्रीन पकडलीच नव्हती." आधी काय तपासलं, त्यातून काय कळलं, मग काय केलं, सगळं क्रमानं. आणि या मुलाला मी अंतर्गत परीक्षेत दहापैकी दोन दिले होते.

नीट समजून घ्या. ज्याच्या घरात इंग्रजी नाही त्याच्या डोक्यात बोलताना दोन कामं चालू असतात: काय सांगायचं आणि कोणत्या शब्दांत. तुम्ही मधातच टोकलं की तिसरं काम अंगावर येतं, आणि पहिलं हातून सुटतं. असं चारदा झालं की पोरगं शहाणं होतं. जितकं कमी बोलू तितक्या कमी चुका. मग "येस मॅडम", "नो मॅडम" एवढ्यावर तास निघतो आणि आपण स्टाफरूममध्ये म्हणतो, यांना बोलताच येत नाही.

आता मी वही घेऊन बसते. बोलणं पूर्ण होऊ देते. आधी प्रश्न विचारते तो मजकुरावर, भाषेवर नाही. शेवटी एकच चूक सांगते, आणि तीही अर्थ बिघडवणारी. 'मायसेल्फ'नं अर्थ बिघडत नाही. पण "आय टेस्टेड" आणि "आय विल टेस्ट" यांत घोळ झाला, तर समोरच्याला वाटेल टेस्टिंग उरकलं, आणि हा तर अजून बसायचा आहे.

याचा अर्थ 'मायसेल्फ' कायम सोडून द्या असा नाही हो. मुलाखत घेणारा ते ऐकतो आणि मनात काट मारतो. प्लेसमेंटच्या दोन महिने आधी तेही घासून घ्या, कठोरपणे. तोवर पोरगं बोलतं झालेलं असतं, टोकलेलं सोसतं.

सेल्फ इंट्रोडक्शनच्या पीडीएफ वाटू नका. साठ पोरांचा छंद एकच निघतो. टाय बांधून एक दिवस येणाऱ्या पर्सनॅलिटीवाल्यांबद्दल मी न बोललेलंच बरं. एक सीनियर सर मला म्हणाले होते, लँग्वेज लॅबची फाइल तेवढी पूर्ण ठेवा, पोरं आपोआप शिकतात. मी वर्षभर ऐकलं त्यांचं. फाइल झकास झाली.

लिहायला देताना निबंध देऊ नका, त्यांच्याच लॅबमधली अडचण लिहायला लावा. "सर, कोड चालत नाही" हे वाक्य माझ्या वर्गात बंद आहे. मी काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, प्रत्यक्षात काय झालं, या तीन ओळी हव्यात. एरर मेसेज जसाच्या तसा. तिसऱ्या ओळीपर्यंत येता येता कितीतरी जणांना चूक स्वतःच सापडते.

आणि वऱ्हाडीला घाबरू नका. सेकंड इयरला ऑपरेटिंग सिस्टीम चालू होती. एका मुलीला डेडलॉक, म्हणजे प्रोग्राम एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात ते, सांगायला लावलं, म्हटलं आधी घरच्या भाषेत सांग. ती म्हणाली, "पांदनीत दोन बंड्या समोरासमोर आल्या. रस्ता एकाच बंडीचा. दोघायनंबी अर्धा अर्धा धरला, अन् उरलेल्यासाठी थांबून राह्यले. कोनाची बंडी उचलून फेकता येत नाही. हा त्याच्यासाठी अडकला, तो याच्यासाठी." १९७१ साली कॉफमन आणि सहकाऱ्यांनी डेडलॉकच्या ज्या चार अटी मांडल्या, त्या चारही यात आल्या. पाठ केलेल्या उत्तरांत तिसरी, म्हणजे एकानं धरलेलं जबरदस्तीनं काढून घेता येत नाही ही, हमखास गळते.

पण तिथंच थांबाल तर पोरांचं नुकसान कराल. एक सेमिस्टर मी सगळं वऱ्हाडीतच चालू दिलं. तास लाडका झाला, आणि मुलाखतीत पोरं पुन्हा मुकी. म्हणून आता तेच, त्याच तासाला, लगेच इंग्रजीत. जमतं. वेळ लागतो, पण जमतं.

ती मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत पुन्हा उभी राहिली. "टू बुलक कार्ट. वन रोड. बोथ वेटिंग, नोबडी गोइंग बॅक."

मी वहीत 'कार्ट्स' एवढं लिहिलं आणि गप्प बसले. ती पुढे बोलत होती.