क्रिएटिव्ह कोडिंगमध्ये मास्टर्स करायचंय? आधी लॅमिंग्टन रोडला जाऊन या

क्रिएटिव्ह कोडिंग (कोड लिहून कला करणं), इंटरॅक्टिव्ह मीडिया आर्ट (बघणाऱ्याच्या हालचालीला उत्तर देणारी कला) असल्या विषयात मास्टर्स करायचंय म्हणणारी मुलं माझ्याकडे येतात ती एक्सेल शीट घेऊनच. कॉलेज, फी, शेवटची तारीख, सगळं भरलेलं. काय बनवलंयस विचारलं की मात्र, "सध्या एक ऑनलाइन कोर्स चालू आहे." मी डोंबिवलीची, नाटकांच्या प्रकाशयोजनेत उमेदवारी करून या धंद्यात आले, आता प्रदर्शनांसाठी इन्स्टॉलेशन्स बनवते. माझं म्हणणं एवढंच की अर्ज भरण्याआधी अनोळखी माणसांच्या गर्दीत चालेल अशी एक तरी गोष्ट बनवा. यादी नंतर.

सुरुवात पी-फाइव्ह-जेएसने करा, म्हणजे कोड लिहून चित्र काढायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने. ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही कुरकुरत नाही. हे २०१३ मध्ये लॉरेन मॅकार्थी यांनी सुरू केलं. ते ज्यावरून निघालं ते प्रोसेसिंग हे सॉफ्टवेअर २००१ सालचं, एमआयटीत केसी रीस आणि बेन फ्राय यांनी केलेलं, आणि तेही चित्रकार-डिझायनर मंडळींना कोड लिहिता यावा म्हणूनच. त्यामुळे बीएफए किंवा बीकॉम असाल तर दबकायचं कारण नाही. इंजिनिअर असाल तर उगाच निर्धास्तही राहू नका. कोड चालतो, पण बघणाऱ्याला काही वाटतं का, हा प्रश्न तुम्हाला चार वर्षांत कुणी विचारलेला नसतो.

पडद्यावर माउसमागे धावणारं वर्तुळ जमलं, की माउस काढून टाका आणि त्या जागी माणूस आणा. त्यासाठी सेन्सर हवा, आणि तो मिळतो लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, चालत पाच-दहा मिनिटं. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद. एक ईएसपी-३२ बोर्ड (सेन्सर वाचणारा छोटा संगणक), एक एचसी-एसआर-०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट जोडायची पट्टी), जंपर वायरी आणि मूठभर रेझिस्टर घ्या. काउंटरवर "प्रोजेक्टसाठी पाहिजे" म्हटलंत तर तयार प्रोजेक्टचं किट गळ्यात मारतील. पार्टचा नंबर सांगा.

हा सेन्सर आवाजाची लहर सोडतो, ती आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. साधारण दोन सेंटिमीटर ते चार मीटर. तो पाच व्होल्टवर चालतो, पण ईएसपी-३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या, म्हणून सेन्सरचं उत्तर जिथून येतं त्या एको पिनेच्या वाटेत एक किलोओहम आणि दोन किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणायचं. ते न करताही काही दिवस चालतं, आणि म्हणूनच लोक करत नाहीत.

आता खरी गंमत. माउसच्या जागी आता सेन्सरचे, सेंटिमीटरमधले आकडे चित्र हलवणार, पण ते येतात उड्या मारत: १२०, ११८, मध्येच ३९०, पुन्हा ११९. तसेच वापरलेत तर पडद्यावरचं चित्र थरथरतं आणि समोरचा माणूस "बिघडलंय वाटतं" म्हणून पुढे जातो. आधी वेडेवाकडे आकडे गाळा. मग प्रत्येक फ्रेमला जुन्या किमतीपासून नव्या किमतीकडे दहा टक्केच सरका. पी-फाइव्हमधलं चित्र पुन्हापुन्हा काढणारं ड्रॉ हे फंक्शन सेकंदाला साठ वेळा फिरतं, त्यामुळे उशीर जाणवत नाही, पण हालचालीला वजन येतं. पंधरा टक्के ठेवा, चपळ होईल. तीन ठेवा, सुस्त. हा आकडा ठरवायला मला कधीकधी अख्खी दुपार लागते, आणि या विषयातली कला बरीचशी इथेच आहे असं माझं मत.

हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर स्वस्त म्हणून घ्याल, तर मे महिन्यात त्याच्यावर विसंबू नका. तो अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक ओळखतो. आपल्याकडे उन्हाळ्यात तो फरकच फारसा उरत नाही.

गर्दी कुठून आणायची? अहो, मुंबईत हा प्रश्न पडावा? जवळच्या गणेशोत्सव मंडळात जा. हलते देखावे करणारी माणसं मोटार, रिले, टायमर कोळून प्यायलेली असतात. देखाव्याचा एक कोपरा मागून घ्या. दहा दिवस चालेल असं बनवायचं म्हणजे काय, ते तिथे कळतं: वीज जाऊन आली की प्रोग्राम आपोआप सुरू झाला पाहिजे, वायर पोरांच्या हाती लागता कामा नये, आणि सूचना न वाचताही माणसाला काय करायचं ते उमगलं पाहिजे. मुलं हे काम पोर्टफोलिओतून लपवतात, "ते काय, मंडळाचं" म्हणून. मला तर ते पहिल्या पानावर हवं.

पोर्टफोलिओत तीन-चार कामं पुरेत. प्रत्येकाचा दोन मिनिटांच्या आतला व्हिडिओ, आणि पहिल्या दहा सेकंदांत माणूस व पडदा एकाच चौकटीत दिसू द्या. नाहीतर सेन्सरने झालं की एडिटिंगने, बघणाऱ्याला कळणार कसं? वर गाणं चिकटवू नका. कुणी काय केलं ते लिहा, वायरिंग करणाऱ्या कार्यकर्त्याच्या नावासकट.

आता ती शीट काढा. घरून ये-जा करायची असेल तर पवईला आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइन स्कूल आहे, १९६९ पासूनचं. तिथे इंटरॅक्शन डिझाइनमध्ये एमडेस (मास्टर ऑफ डिझाइन) होतं. त्यासाठी सीड ही प्रवेश परीक्षा, जानेवारीत. पार्ट ए संगणकावर, पार्ट बी कागदावर हाताने. ए मध्ये निवड झाली तरच बी तपासतात. कोडवाल्यांनो, रोज स्केच काढा, तिथे कंट्रोल-झेड नाही. एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) गांधीनगर कॅम्पसला न्यू मीडिया डिझाइन आहे, त्याची डॅट ही प्रवेश परीक्षा वेगळी. परदेशात न्यूयॉर्क विद्यापीठाचा आयटीपी हा अभ्यासक्रम (१९७९ पासून), लंडनचं गोल्डस्मिथ्स कॉलेज, ऑस्ट्रियात लिंझच्या कला विद्यापीठातला इंटरफेस कल्चर्स हा अभ्यासक्रम. अमेरिकेचे अर्ज बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपतात. मुंबईचे कलाकार अशोक सुकुमारन यांना २००७ मध्ये लिंझच्याच आर्स इलेक्ट्रॉनिका या मीडिया आर्ट महोत्सवाचं इंटरॅक्टिव्ह आर्टसाठीचं गोल्डन निका हे पारितोषिक मिळालं. त्यांचा आणि शायना आनंद यांचा कॅम्प हा स्टुडिओ आपल्याच शहरातला. एसओपी (हा अभ्यासक्रम का करायचाय ते सांगणारं अर्जातलं निवेदन) लिहायच्या आधी त्यांची कामं बघा, म्हणजे सगळे संदर्भ परदेशी राहणार नाहीत.

पैशांचं घरी आधीच बोला. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतं, म्हणजे फेडावी लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटींत तुमचं विद्यापीठ आणि अभ्यासक्रम बसतो का, ते अर्जाची फी भरण्याआधी तपासा.

शिफारसपत्र फक्त मार्क माहीत असलेल्या प्राध्यापकांकडून घेऊ नका. तुम्हाला रात्री अकरा वाजता शिडीवर चढून प्रोजेक्टर लावताना पाहिलेल्या माणसाकडून घ्या. त्यांना तुमच्या कामाचं एक पान लिहून द्या, आणि डिसेंबरच्या अर्जासाठी दसऱ्याच्या आसपासच सांगून ठेवा. दिवाळीत सर गावाला गेले की फोन लागत नाही.