वेब डेव्हलपरांची सहकारी संस्था स्थापन करताना या चुका टाळा

नागपुरात संकेतस्थळांची कामे कमी नाहीत, पण ती एकदम येतात. बर्डी आणि धरमपेठेतील शिकवणी वर्गांना प्रवेशाच्या तोंडावर सगळे तयार हवे असते, कळमन्याच्या संत्रा व्यापाऱ्याला आंबिया बहराआधी, तर इतवारीच्या ठोक दुकानदाराला दिवाळीपूर्वी. एकट्याने काम करणारा डेव्हलपर त्या महिन्यांत कामे परत पाठवतो आणि मधले महिने रिकामा बसतो. डिझाइन जाणणारा, सर्व्हर सांभाळणारा आणि क्लायंटशी बोलणारा अशांनी सहकारी संस्था करून कामे वाटून घेणे हा यावरचा सर्वांत न्याय्य मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे. केरळमध्ये १९२५ साली सुरू झालेल्या उरालुंगल मजूर कंत्राट सहकारी संस्थेने रस्ते आणि पूल बांधत पुढे कोझिकोडला सायबरपार्क उभा केला; श्रमाची सहकारी संस्था आणि संगणकाचे काम एकमेकांना परके नाहीत, हे त्यातून दिसते. तरीही असे गट मोडतात. मी पाहिलेले गट काम नाही म्हणून मोडले नाहीत; पहिले काम हाती येण्याआधी जे कागदावर लिहायला हवे होते ते लिहिले नाही म्हणून मोडले.

सगळी रक्कम एकाच सदस्याच्या खात्यात घेणे

सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे, आणि आमच्या गटानेही ती केली. संस्थेची नोंदणी व्हायला वेळ लागतो, तोवर ज्याची ओळख जास्त त्याच्या नावाने कोटेशन जाते, त्याच्याच खात्यात पैसे येतात आणि तो ते इतरांना पाठवतो. समजा आठ जणांनी वर्षभरात प्रत्येकी ४ लाख रुपयांचे काम केले. एकेकट्याची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या २० लाख रुपयांच्या मर्यादेपासून बरीच दूर आहे, पण एकाच पॅनवर ती ३२ लाख रुपये दिसते. मग नोंदणी, विवरणपत्रे आणि १८ टक्के कराची वसुली ही सारी जबाबदारी त्या एकट्यावर येते. क्लायंटने पैसे देतानाच कापलेला आयकर, म्हणजे टीडीएसही, त्याच्याच नावावर जमा होतो, त्यामुळे बाकीच्यांना आपल्या वाट्याच्या कपातीचे श्रेय विवरणपत्रात मिळत नाही. आमच्यात या हिशेबावरून जो अबोला धरला गेला, तो मिटायला एक वर्ष लागले, आणि त्यात दोष कोणाच्याही हेतूचा नव्हता.

उपाय असा की नोंदणी होईपर्यंत प्रत्येकाने आपापल्या भागाचे इन्व्हॉइस क्लायंटला स्वतंत्रपणे द्यावे. क्लायंट एकाच इन्व्हॉइसचा आग्रह धरत असेल, तर इतरांनी त्या सदस्याला रीतसर इन्व्हॉइस द्यावे, म्हणजे त्याचा खर्च आणि त्यांचे उत्पन्न कागदोपत्री जुळेल.

दहा नावे गोळा झाली म्हणजे संस्था झाली असे समजणे

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार अशा संस्थेच्या नोंदणीसाठी किमान १० व्यक्ती लागतात. त्या वेगवेगळ्या कुटुंबांतील आणि संस्थेच्या कार्यक्षेत्रात राहणाऱ्या असाव्या लागतात. डेव्हलपर पती आणि डिझायनर पत्नी या अटीपुरते दोन धरले जात नाहीत, आणि कार्यक्षेत्र नागपूर जिल्हा असेल तर नोकरीसाठी हिंजवडीला गेलेला मित्रही मोजता येत नाही. संख्या भरून काढण्यासाठी काम न करणाऱ्या नातेवाइकांची नावे घालणे हा तर मोठाच धोका आहे, कारण येथे एका सदस्याला एकच मत असते. ज्याने कोडची एक ओळ लिहिलेली नाही, तोही दरपत्रक ठरवण्यात समान वाटेकरी होतो. खरोखर काम करणारे चार-पाचच असतील, तर आधी २००८ च्या कायद्याखालील एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी, करावी. तिला दोन भागीदार पुरतात.

मोबदला वर्षअखेरच्या नफ्यातून वाटू असे ठरवणे

ऐकायला हे अतिशय सहकारी वाटते, परंतु व्यवहारात हीच गोष्ट सदस्यांना सर्वाधिक दुखावते. संस्थेच्या निव्वळ नफ्यापैकी किमान एक चतुर्थांश राखीव निधीत टाकावा लागतो आणि लाभांश साधारणपणे भाग भांडवलाच्या १५ टक्क्यांपलीकडे देता येत नाही. ज्याने हजार रुपयांचे भाग घेतले आहेत त्याला १५० रुपयांपेक्षा जास्त लाभांश मिळणार नाही, मग त्याने वर्षभर रात्री जागून काम केलेले असो. म्हणून सदस्याच्या श्रमाचा मोबदला हा त्या त्या कामाचा खर्च मानावा, काम पूर्ण होताच द्यावा आणि ही पद्धत उपविधींत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, व सर्वसाधारण सभेच्या ठरावात स्पष्ट लिहावी. भागांची रक्कम आणि श्रमाची रक्कम यांची सरमिसळ कधीही करू नये. आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०पी मध्ये सदस्यांच्या श्रमाचा सामूहिक विनियोग करणाऱ्या संस्थांना मताधिकाराच्या काही अटींवर वजावट दिलेली होती. आपल्या संस्थेच्या बाबतीत आज काय लागू होते, हे उपविधी तयार होण्यापूर्वीच सनदी लेखापालाकडून समजून घ्यावे, कारण मताधिकाराचा मजकूर उपविधींतच असतो.

काम आणणाऱ्याचा वाटा न ठरवणे

काम कोणी आणले, कोणी केले आणि नंतरच्या तक्रारी कोणी निस्तरल्या, या तीन गोष्टींचे मोल वेगळे आहे. एक लाख रुपयांच्या कामात, कर वगळून, काम आणणाऱ्याला १० टक्के, संस्थेला १५ टक्के आणि उरलेले ७५ टक्के नोंदवलेल्या तासांप्रमाणे, असे काहीही प्रमाण चालेल. पण ते काम येण्यापूर्वी ठरलेले असावे. संकेतस्थळ सुरू झाल्यानंतरच्या तीन महिन्यांतील दुरुस्त्यांसाठी थोडी रक्कम मागे ठेवावी, अन्यथा रात्री अकरा वाजता फॉर्म बंद पडल्याचा फोन नेहमी एकाच स्वभावाच्या माणसाला येतो आणि तो माणूस वर्षभरात संस्था सोडतो.

त्याचबरोबर प्रत्येक कामाला एक प्रमुख नेमावा. कोणती फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा) वापरायची यावर दहा जणांचे मतदान घेऊ नये. मताधिकार धोरणासाठी आहे, रोजच्या तांत्रिक निर्णयासाठी नाही.

कोडची मालकी गृहीत धरणे

प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालकी नोकरी देणाऱ्या संस्थेची असते, मात्र स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, तो स्वतःच असतो. सहकारी संस्थेचे सदस्य बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणजे क्लायंटने पूर्ण रक्कम दिली तरी मालकी आपोआप त्याच्याकडे जात नाही, आणि रुसून गेलेला एक सदस्य सगळे काम अडवू शकतो. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच करावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. परदेशी क्लायंटच्या करारात ही एक ओळ राहून गेली तर किती मोठी अडचण होईल, याचा विचार करावा.

येथे दोन कागद लागतात: सदस्याकडून संस्थेकडे आणि संस्थेकडून क्लायंटकडे. दुसऱ्या कागदात हस्तांतरण पूर्ण रक्कम मिळाल्यानंतरच लागू होईल असे लिहावे, आणि वापरलेल्या मुक्त-स्रोत लायब्ररींची (इतरांनी लिहून खुल्या ठेवलेल्या तयार कोडची) यादी त्यांच्या परवान्यांसह जोडावी, कारण त्या आपल्या नाहीत आणि देऊन टाकताही येत नाहीत. डोमेन मात्र पहिल्या दिवसापासून क्लायंटच्याच नावावर घ्यावे. थकबाकी वसूल करण्यासाठी डोमेन अडवून ठेवणे मला अनुचित वाटते.

थकलेल्या रकमेची फक्त आठवण करत राहणे

संस्थेने उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, केलेली असेल आणि ती सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असेल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार करारात काहीही लिहिले तरी खरेदीदाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात; लेखी मुदतच ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते आणि अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. इन्व्हॉइसवर उद्यम क्रमांक आणि ही तरतूद सभ्य शब्दांत छापलेली असली की बहुतेक वेळा परिषदेपर्यंत जावे लागत नाही. काम सुरू करण्यापूर्वीची आगाऊ रक्कम आणि टप्प्याटप्प्याचे हप्ते यांना मात्र पर्याय नाही, आणि क्लायंटकडून न आलेले पैसे सदस्यांना उसनवारीने कधीही वाटू नयेत.

कागदपत्रे आणि पासवर्ड एका व्यक्तीवर सोपवणे

दरवर्षी लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा ही कामे सचिवाच्या सवडीवर सोडू नयेत. उपनिबंधक कार्यालयाची नोटीस आल्यानंतर धावपळ करण्यापेक्षा जुलैमध्येच तारीख ठरवावी. तीच गोष्ट सर्व्हर आणि कोड साठवण्याच्या गिट रिपॉझिटरींची. ही खाती संस्थेच्या ईमेलवर असावीत, प्रत्येकाला स्वतंत्र प्रवेश द्यावा, आणि सदस्य बाहेर पडेल त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करून त्याची देय रक्कम किती दिवसांत दिली जाईल हे त्याला लेखी कळवावे.