उभ्या राहणाऱ्या स्पोर्ट्‌स कारची बॅटरी कशी शोधावी व कशी तपासावी

स्पोर्ट्‌स कार सहसा रोज धावत नाही. आठवडाभर ती गॅरेजमध्ये कव्हरखाली असते, रविवारी पहाटे नागपूरच्या वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत किंवा समृद्धी महामार्गावर एखादी फेरी होते आणि पुन्हा कव्हर चढते. अशा गाडीने एके दिवशी सेल्फ मारताना नुसता ‘टक्’ आवाज केला, की बॅटरी गेली असे समजून नवी आणण्याची घाई होते. ही घाई करू नये. बॅटरी नुसती उतरलेली असणे, ती आतून निकामी झालेली असणे आणि गाडी बंद असतानाही कुठेतरी वीज खर्च होत राहणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बटण दाबल्यावर तिन्ही सारख्याच भासतात. त्या वेगळ्या करण्यासाठी एक डिजिटल मल्टिमीटर आणि थोडा धीर लागतो.

पहिला प्रश्न बॅटरी आहे कुठे, हाच असतो. वजनाचा तोल साधण्यासाठी या गाड्यांमध्ये ती अनेकदा इंजिनापासून दूर ठेवतात. पोर्शे ९११ आणि बॉक्स्टर-केमन यांच्या बहुतेक पिढ्यांत ती पुढच्या डिक्कीत, काचेलगतच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली असते. जॅग्वार एफ-टाइप आणि बीएमडब्ल्यू झेड४ मध्ये मागच्या डिक्कीत, तर फोर्ड मस्टँगमध्ये इंजिनकप्प्यातच. मागे बॅटरी असलेल्या अनेक गाड्यांना बॉनेटखाली जंप स्टार्टसाठी स्वतंत्र टर्मिनल दिलेले असते. तपासणी मात्र प्रत्यक्ष बॅटरीच्या शिशाच्या खांबांवरच करावी, अन्यथा मधल्या लांब केबलचा दोष बॅटरीच्या माथी बसतो.

पोर्शेच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एक पेच आहे. पुढच्या डिक्कीचे कुलूप विजेवर चालते, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली की झाकणच उघडत नाही. त्यासाठी पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये बाहेर ओढता येणारे एक टर्मिनल असते. दुसऱ्या बॅटरीची धन वायर त्याला आणि ऋण वायर दाराच्या उघड्या धातूला जोडली, की झाकण उघडण्यापुरती वीज मिळते. अलार्म वाजू लागल्यास किल्लीने गाडी अनलॉक करावी. हे टर्मिनल केवळ झाकणापुरते आहे; त्यावरून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. नेमकी जागा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहून घ्यावी.

आता मोजमाप. अंगठी आणि धातूचे कडे काढून ठेवावे, ठिणगी व सिगारेट दूर ठेवावी. गाडी निदान रात्रभर उभी असावी आणि नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा दुपारचा पारा ४५ अंशांवर जातो, तपासणी पहाटेच करावी. नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मा, आणि १२ च्या खाली गेल्यास ती जवळपास रिकामी समजावी. एजीएम बॅटरीचे (आम्ल काचतंतूंच्या थरांत शोषून ठेवलेला लेड-ॲसिडचाच प्रकार) आकडे किंचित वर असतात. लिथियम बॅटरीला हे आकडे मुळीच लागू होत नाहीत आणि तिला साधा चार्जरही लावू नये. आकडा कमी आला तर निकाल देऊ नका; योग्य चार्जरने पूर्ण चार्ज करा, काही तास तशीच ठेवा आणि पुन्हा मोजा. पूर्ण चार्जनंतरही ती एका रात्रीत १२.४ च्या खाली घसरत असेल, तर केबल सोडवून हीच चाचणी एकदा करावी. सुटी बॅटरीही घसरली, तर दोष तिच्यातच आहे.

यापेक्षा बोलकी चाचणी सेल्फ मारतानाची. एकाने मीटरकडे पाहावे, दुसऱ्याने गाडी सुरू करावी. मीटरला किमान आकडा टिपण्याची सोय असल्यास ती वापरावी, कारण खालचा झटका क्षणभरच टिकतो. चार्ज पूर्ण असूनही आकडा ९.६ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरीची आतली ताकद संपली आहे. याउलट आकडा ११ च्या वर राहतो आणि तरीही सेल्फ फिरत नाही, अशा वेळी बॅटरी निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. शोध टर्मिनल, अर्थिंगची केबल, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा स्टार्टरमध्ये घ्यावा. मीटरचे एक टोक शिशाच्या खांबावर, दुसरे त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारल्यास आकडा जवळपास शून्य हवा. तिथे अर्धा व्होल्ट दिसला, तर पांढरट-हिरवट थर नीट घासून काढावा आणि क्लॅम्प घट्ट करावा. मला वाटते, ही दोन मिनिटांची तपासणी केल्याशिवाय कुणीही नव्या बॅटरीचे पैसे देऊ नयेत.

इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसावेत. नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेनुसार व्होल्टेज खालीवर करतो, म्हणून हेडलाइट आणि एसी लावून पाहावे.

उरते ती छुपी गळती, आणि उभ्या गाडीचा खरा शत्रू तीच. गाडी बंद केल्यावरही तिचे संगणक लगेच झोपत नाहीत. त्याला वीस मिनिटांपासून तासभरही लागू शकतो. त्यामुळे डिक्की उघडी ठेवून तिची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणावी, म्हणजे गाडीला ती बंद वाटते; कीलेस किल्ली घरात दूर ठेवावी आणि तेवढा वेळ थांबून मगच ऋण केबलभोवती मिलिॲम्पिअर दाखवणारा डीसी क्लॅम्प मीटर लावावा. सुमारे ५० मिलिॲम्पिअरपर्यंतचा वापर सामान्य मानतात. तेवढ्यानेही दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास जातात, म्हणजे ७० ॲम्पिअर-तासांची बॅटरी महिनाभरात निम्मी उतरते. तेव्हा महिनाभर उभी राहून सुरू न झालेल्या गाडीत बिघाड असेलच असे नाही. आकडा काहीशे मिलिॲम्पिअर असेल, तर फ्यूज न काढता प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजावेत; जिथे आकडा दिसतो, त्या फ्यूजमधून वीज वाहत असते. फ्यूज काढल्याने झोपलेले संगणक पुन्हा जागे होऊन आकडा फसवा होतो. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा ॲम्प्लिफायर आधी तपासावा.

आपल्याकडचा उन्हाळा बॅटरीच्या प्लेटा झिजवतो. पण मे महिन्यातले तापलेले इंजिन सहज फिरत असल्याने हे नुकसान झाकले जाते आणि डिसेंबरच्या थंड पहाटे उघड होते. म्हणून बॅटरीच्या ताकदीची चाचणी पावसाळा संपताच करून घ्यावी. दुकानात कंडक्टन्स टेस्टर (ही ताकद मोजणारे यंत्र) लावण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि बॅटरीवर छापलेला सीसीए (थंडीत इंजिन सुरू करण्याच्या क्षमतेचा आकडा) व तिचा प्रकार यंत्रात बरोबर भरला आहे ना, हे स्वतः पाहावे. धरमपेठहून फुटाळ्यापर्यंतच्या फेरीने उतरलेली बॅटरी भरत नाही. गॅरेजमध्ये प्लग असेल, तर बॅटरी मेंटेनर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवणे हा सर्वांत स्वस्त इलाज आहे.

बदलायचीच वेळ आली, तर एजीएमच्या जागी एजीएमच घ्यावी. डिक्कीतल्या बॅटरीला वायू बाहेर नेणारी बारीक नळी असते. ती नव्या बॅटरीला पुन्हा जोडली आहे याची खात्री करावी. काढताना ऋण केबल आधी सोडवावी आणि लावताना ती शेवटी जोडावी. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने गाडीच्या संगणकात करून घ्यावी लागते, नाहीतर तो जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच तिला चार्ज करत राहतो.