नाताळात 'चिको' अमरिलिस फुलवायची तर पाणी ऑगस्टअखेर तोडा

पुण्यात अमरिलिस, म्हणजे कंदातून उगवणारं फुलझाड, एरवी एप्रिल-मेच्या उन्हातच फुलते. 'चिको'सारखी कोळ्याच्या पायांसारख्या बारीक पाकळ्यांची, हिरवट-मरून जात डिसेंबरात हवी असेल तर कंदाला आधी झोपवावं लागतं.

ऑगस्टच्या शेवटी कुंडी पावसाच्या झडीपासून लांब, गॅलरीच्या छताखाली कोपऱ्यात सरकवा आणि पाणी बंद करा. पानं पिवळी पडतील, पडू द्या, वाळल्यावरच कापा. कीव येऊन घोटभर पाणी घालणारे आमच्या घरातही आहेत! तेवढ्यानेच माझा एक कंद बुडातून मऊ पडला, बोट सहज आत गेलं.

आठ-दहा आठवड्यांच्या विश्रांतीनंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माती बदला. कुंडी कंदापेक्षा जेमतेम इंचभर रुंद हवी, भोक मोकळं हवं आणि कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर. एकदा भिजवा, मग हिरवं टोक दिसेपर्यंत हात आखडता. इथून फुलायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. दांडा उजेडाकडे कलतो, म्हणून कुंडी दर दोन दिवसांनी फिरवा.

कंद विषारी असतो. घरात मांजर-कुत्रं असेल तर उंचावर ठेवा.