लिबर्टीचा पुतळा, तोही फुकटात
न्यूयॉर्कला एकच दिवस हाताशी असेल आणि पुतळ्याच्या पायथ्याशी उतरायचा हट्ट नसेल, तर स्टॅटन आयलंड फेरी पकडा. सबवेची 1 नंबरची गाडी साउथ फेरी स्टेशनात सोडते. बोट सुटते ते व्हाइटहॉल टर्मिनल तिथेच. बोट चोवीस तास चालते, तिकीट नाही. बाहेर कुणी तिकीट विकायला आलाच तर सरळ पुढे चला. जाताना उजवीकडचा कठडा धरा, पुतळा त्याच बाजूला दिसतो. साधारण 25 मिनिटांत पलीकडे पोचल्यावर सगळ्यांना उतरावंच लागतं. आतूनच वळसा घालून परतीच्या रांगेत लागा. सूर्यास्ताच्या बेताने निघालात तर येताना मॅनहॅटनचे दिवे लागलेले असतात. फक्त संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी नोकरदारांची गर्दी असते, त्यापेक्षा शनिवार-रविवार बरा.