पीस लिलीची पानं करपत होती, ती कशी थांबली (माझा अनुभव)

आमच्याकडे बोअरचं पाणी, एकदम जड. पीस लिलीच्या पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसला तेव्हाच कळलं की हे क्षारांचं काम आहे, खत कमी पडतंय असं अजिबात नाही. त्यात माती ओली असूनही पानं माना टाकून बसलेली, म्हणून रोप कुंडीतून काढलं तर नर्सरीची चिकट लाल माती मुळांना गच्च धरून होती, काही मुळं काळी पडलेली, चिमटीत धरली की साल निघून हातात येत होती. तेवढी कात्रीने कापली आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, थोडं परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) असं भुसभुशीत मिक्स करून परत लावलं. पाणी आता साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं, पण आरओचं वेस्ट पाणी घालू नका हं, त्यात क्षार उलट जास्त असतात. वरची इंचभर माती सुकली की मगच पाणी. उजेड भरपूर, थेट ऊन नाही. करपलेली टोकं परत हिरवी होत नाहीत, नवीन पानं बघा, माझ्याकडे सगळी स्वच्छ आलीत आणि एक पांढरं फूलसुद्धा! घरात मांजर असेल तर उंचावर ठेवा, पान चावलं तर तोंडाची आग होते.