कॅफेत कार्यक्रम करायचाय? आधी तिथे एक संध्याकाळ बसून या

आईच्या साठीला आम्ही हॉल नको म्हटलं. माणसं जेमतेम पंचवीस, हॉल घेतला तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसणार, आणि घरी करावं तर ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या वन बीएचकेत पंचवीस जण बसल्यावर पाण्याचा ट्रे घेऊन मधून जायचं कोणी आणि कसं. मग कॅफे. घोडबंदर रोडला एक मस्त दिसला, फोटो बघून बुक करून टाकला, आणि त्या दिवशी तिथे जे जे निस्तरावं लागलं त्यातून इतकं शिकले की आता कोणाचं केळवण असो, डोहाळजेवण असो नाहीतर काकांची रिटायरमेंट, मैत्रिणी आधी मला फोन करतात. तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मुख्य म्हणजे ज्या वारी, ज्या वेळेला कार्यक्रम आहे, त्याच्या आधीच्या आठवड्यात त्याच वारी त्याच वेळेला जाऊन बसा. मी मंगळवारी दुपारी ३ ला जाऊन आले होते, दोन लॅपटॉपवाले सोडले तर कोणी नव्हतं, एकदम शांत. रविवारी संध्याकाळी तीच जागा म्हणजे लग्नाची पंगत! ग्राइंडर घरघरतोय, मिक्सरमध्ये फ्रापे फिरतोय, आणि आवाज चढला म्हणून त्यांनी गाण्यांचा आवाज अजून चढवला. हल्लीच्या कॅफेत काचा, उघडं काँक्रीट, टाइल्स, पडदा किंवा गादी नावाला नाही, त्यामुळे आवाज शोषला जातच नाही, नुसता घुमत राहतो. माझी टेस्ट सोपी आहे, टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलून बघा. पुढे वाकावं लागलं तर कानाला मशीन लावणाऱ्या मामांना तिथे काहीही कळणार नाही, कारण ते मशीन त्यांच्यासाठी ग्राइंडरही मोठा करतं.

आता खुर्च्या. तुमच्या यादीतला सगळ्यात अवघड पाहुणा कोण ते ठरवा आणि जागा त्याच्या हिशोबाने बघा, बाकीचे कुठेही बसतात. आमच्याकडे आत्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली. तिला उंच स्टूल चालत नाही आणि तो जमिनीला टेकलेला सोफा तर त्याहून नाही, बसली तर उठवायला दोघं लागतात. शिवाय फोनवर जे 'वरती प्रायव्हेट एरिया आहे मॅम' म्हणतात ना, तो बऱ्याचदा पोटमाळा निघतो, जिना अरुंद, आणि बाथरूम खाली. आत्या त्या दिवशी चार तास पाणीच प्यायली नाही, का ते मला घरी आल्यावर कळलं. तेव्हापासून मी कुठलाही कॅफे बघायला गेले की आधी बाथरूमला जाते, पायरी आहे का, कमोड आहे का, कडी नीट लागते का. हसू नका.

कॉफीचंच गणित कोणी करत नाही, आणि जातो मात्र कॉफीच्या जागी. एस्प्रेसोचा, म्हणजे मशीनमधून काढलेल्या कडक कॉफीचा, एक शॉट नीट उतरायला साधारण २५ ते ३० सेकंद लागतात, त्यावर दूध फेसवायचं, ओतायचं, जग धुवायचा, म्हणजे कॉफी करणाऱ्या एका माणसाला एक कॅपुचिनो दीड-दोन मिनिटांच्या खाली होत नाही. पंचवीस कप म्हणजे पाऊण तास सहज, आणि मधे बाहेरच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी चालूच. आमच्याकडे पहिल्या टेबलाची कॉफी पिऊन झाली, कप उचलले गेले, तरी मावशींच्या टेबलाला यायची होती, आणि मावशींनी ते पुढे वर्षभर ऐकवलं. म्हणून मेनू आधी ठरवा. थर्मासमध्ये करून ठेवता येईल अशी फिल्टर कॉफी आणि कोल्ड ब्रू, म्हणजे थंड पाण्यातली कॉफी, जी आदल्या रात्रीच १२ ते १८ तास भिजत घालतात त्यामुळे फक्त ओतायची असते. कॅपुचिनो मोजक्या हौशी लोकांना. आणि चहा मिळतो का ते विचाराच, टी-बॅगवाला नाही, उकळलेला. आपल्याकडे साठीच्या पुढची अर्धी मंडळी 'कॉफीने झोप जाते गं' म्हणणारच.

सगळ्यात मोठा घोळ औक्षणाचा. साठी म्हणून बहिणीने कणकेचे साठ दिवे केले होते, सकाळी ६ ला उठून, आणि मॅनेजर म्हणाला आगीचं काही पेटवता येणार नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, सीलिंगला सगळं लाकूड होतं, पण आम्ही विचारलंच नव्हतं ना. शेवटी रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटर सरकवून, ते दिवे ओवाळले. तेव्हा निरांजन चालेल का हे आधीच विचारा, आणि चालणार असेल तर एसीच्या झोताखाली उभं राहू नका, विझतं. तसंच काचेला पाठ करून उत्सवमूर्तीला बसवू नका, दिवसा सगळ्या फोटोत तोंड काळं येतं.

जागेबद्दल. माणसं ट्रेनने येणार असतील तर राम मारुती रोड, गोखले रोडचा भाग बरा, स्टेशनहून चालत किंवा छोट्या रिक्षेने. पार्किंग मात्र विसरा. पावसाळ्यात वंदना सिनेमाच्या आसपास पाणी तुंबतं हे ठाणेकरांना सांगायला नको. हिरानंदानी इस्टेटकडे जागा मोठ्या आणि मोकळ्या, पण घोडबंदरच्या ट्रॅफिकला किमान पाऊण तास जास्तीचा धरा. नवी मुंबईचे नातेवाईक जास्त असतील तर उगाच सगळ्यांना ठाण्याला ओढू नका, सीवूड्सला मॉल थेट स्टेशनवरच आहे, उतरलं की आत, लिफ्ट आहे, पार्किंग आहे. वाशी सेक्टर १७ ला कॅफे भरपूर, पण संध्याकाळी गाडी लावायला फिरत बसाल. आणि रविवार ठरवताना मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल कुठे बंद आहेत, ते बघा! आमची डोंबिवलीची मंडळी केक कापून झाल्यावर पोचली.

पैशाचं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको, कारण ज्याच्याशी बोललात तो मॅनेजर त्या दिवशी सुट्टीवर असतो. मिनिमम बिल किती, आपली वेळ किती वाजेपर्यंत, बाहेरचा केक चालतो का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, सांगितलेल्या रेटमध्ये ५ टक्के जीएसटी धरलाय का वरून लागणार. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. तरी कोणी अडून बसला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण पोरांनी धावपळ केली असेल तर टिप मनापासून द्या, ती वेगळी.

खाण्याचं थोडक्यात, कॅलेंडर बघा, त्या दिवशी चतुर्थी-एकादशी आली तर उपवासाचं घरून न्यायची परवानगी काढा, आणि केक अंड्याचा का बिनअंड्याचा ते दोनदा विचारा. उघड्या टेरेसवर करत असाल तर स्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो, गाण्याबिण्याचं आधी उरकून घ्या.

आणि हो, निरांजनाला परवानगी मिळाली तरी काडेपेटी घरूनच न्या. मावसबहिणीच्या केळवणाला अख्ख्या कॅफेत शोधली, एक मिळाली नाही, शेवटी बाहेरच्या पानवाल्याकडून आणली.